दारिद्र्य हे प्रारब्ध आहे काय?

मंदिराच्या पत्रिकेत दारिद्र्याची आकडेवारी कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. उत्सवाचे वृत्त, कीर्तनाच्या तिथी, अन्नदानाच्या देणग्या हे या पानांचे नित्याचे विषय. अर्थशास्त्र हा विद्वानांचा आणि सरकारचा प्रांत. परंतु ज्या प्रश्नाचा विचार येथे करावयाचा आहे तो मुळात अर्थशास्त्राचा नाहीच, तो धर्माचा आहे. दाराशी उभ्या असलेल्या दरिद्री मनुष्याकडे पाहून आपल्या तोंडून सहज एक वाक्य निघून जाते : "काय करणार, ज्याचे त्याचे प्रारब्ध!" हे वाक्य क्रूरपणाने उच्चारले जाते असे नाही. ते बोलणारा बहुधा दयाळूच असतो आणि बोलता बोलता हाताने काही देतही असतो. तथापि त्या चार शब्दांत एक फार मोठा सिद्धांत गृहीत धरलेला असतो. दारिद्र्य हे पूर्वकर्माचे फळ आहे, म्हणून ते ज्याचे त्याने भोगले पाहिजे. आपण दिले तर ते आपले पुण्य, न दिले तर त्यात पाप मात्र काही नाही. हा सिद्धांत खरा आहे काय, हे पारखून पाहण्यास आकडे उपयोगी पडतात, आणि म्हणूनच ते या पानावर आणले आहेत.

प्रथम दारिद्र्य मोजतात कसे ते पाहू. आपल्या देशात हे काम पहिल्याने मनावर घेतले ते दादाभाई नौरोजींनी. १८७४ साली काही काळ बडोदे संस्थानचे दिवाणपद भूषविणारे हेच ते दादाभाई. हिंदी मनुष्याचे सरासरी वार्षिक उत्पन्न अवघे वीस रुपयांच्या आसपास आहे असा हिशेब त्यांनी मांडला. तुरुंगातील कैद्यास जेवढे अन्नवस्त्र मिळते तेवढे मिळविण्यासही हे उत्पन्न जेमतेमच पुरते, हे त्यांनी १८७६ साली मुंबईत वाचलेल्या निबंधात दाखवून दिले. पुढे स्वराज्य आले. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील प्रा. वि. म. दांडेकर आणि प्रा. नीलकंठ रथ यांनी १९७१ साली आपला प्रसिद्ध अभ्यास प्रकाशित केला. मनुष्यास दररोज सुमारे २,२५० उष्मांक मिळतील एवढे अन्न आणि त्याबरोबर इतर अगदी अवश्य गोष्टी घेण्यास १९६०-६१ च्या भावाने खेड्यात दरमहा १५ रुपये व शहरात साडेबावीस रुपये लागतात, असे त्यांनी धरले. या मापाने त्या वेळी खेड्यांतील शंभरांपैकी सुमारे चाळीस आणि शहरांतील शंभरांपैकी सुमारे पन्नास माणसे रेषेखाली होती. याचा अर्थ असा की, स्वातंत्र्याला चौदा वर्षे होऊन गेल्यावरही जवळजवळ निम्मा देश पोटभर अन्नास मोताद होता.

त्यानंतर मापे बदलली, किमती बदलल्या, समित्याही अनेक झाल्या. म्हणून त्या वेळचे आकडे आजच्या आकड्यांशेजारी सरळ मांडता येत नाहीत. परंतु प्रा. सुरेश तेंडुलकर समितीने २००९ साली जी एक पद्धत घालून दिली, तिने मागील वर्षांची मोजणी केली असता चित्र स्पष्ट दिसते. १९९३-९४ साली देशातील शंभरांपैकी ४५.३ माणसे दरिद्री होती; २००४-०५ साली ३७.२, आणि २०११-१२ साली २१.९. माणसांच्या संख्येत सांगावयाचे तर २००४-०५ साली ४०.७ कोटी लोक रेषेखाली होते ते सात वर्षांत २६.९ कोटींवर आले. पुढचा काळ पाहावयाचा तर जागतिक बँकेने २०२५ साली केलेल्या हिशेबाप्रमाणे, दिवसाला तीन डॉलरांच्या मापाने अतिदरिद्री ठरणारे लोक २०११-१२ साली शंभरांत २७.१ होते, ते २०२२-२३ साली ५.३ उरले. नीती आयोग केवळ पैसा न मोजता पोषण, शाळा, पाणी, सरपण, घर, वीज अशा अनेक अभावांची मोजणी करतो. त्याच्या मोजणीतही २०१५-१६ पासून २०१९-२१ पर्यंत हे प्रमाण २४.८५ वरून १४.९६ वर उतरले. आपल्या मध्य प्रदेशात ते ३६.५७ वरून २०.६३ वर आले.

या आकड्यांविषयी विद्वानांत वाद आहेत आणि ते असणे योग्यच आहे. तेंडुलकर समितीची खेड्यातील रेषा २०११-१२ साली दरमहा ८१६ रुपये, म्हणजे दिवसाला सुमारे सत्तावीस रुपये एवढीच होती. अठ्ठावीस रुपये खर्चणारा मनुष्य श्रीमंत झाला, असे कोणीही शहाणा म्हणणार नाही. डॉ. रंगराजन समितीने २०१४ साली रेषा थोडी वर नेली, तेव्हा त्याच वर्षातील दरिद्री लोक २१.९ ऐवजी २९.५ टक्के निघाले. रेषा माणसांनी आखलेली असते. ती थोडी वर किंवा खाली सरकविली की कोट्यवधी माणसे या बाजूची त्या बाजूस होतात. परंतु कोणतेही एक माप हाती घेऊन ते सर्व वर्षांस सारखे लावले असता दारिद्र्य घटत आले आहे, याविषयी शंका राहत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. २००४-०५ ते २०११-१२ या सात वर्षांत सुमारे चौदा कोटी माणसांनी दारिद्र्यरेषा ओलांडली. दारिद्र्य जर केवळ प्रारब्धाचे फळ असेल, तर या चौदा कोटी जिवांचे प्रारब्ध एकाच दशकात, एकाच देशात, एकाच वेळी कसे संपले? पूर्वजन्मींच्या पापांचा हिशेब चुकता होण्याचा मुहूर्त सर्वांचा एकच कसा ठरला? याचे सरळ उत्तर असे की, त्या काळात शेतमजुरीचे दर वाढले, रस्ते व इमारतींची कामे निघाली, धान्य रास्त भावात मिळू लागले, कामाची हमी देणारा राष्ट्रीय कायदा २००५ साली झाला, मुले शाळेत जाऊ लागली. कारणे माणसांनी घडविली आणि फळ माणसांस मिळाले. जे मनुष्याच्या प्रयत्नाने हटते ते मनुष्याच्या दुर्लक्षाने टिकूनही राहते, हे ओघानेच आले.

येथे कोणी चतुर वाचक म्हणेल, "ठीक आहे, परंतु सर्वांचे दारिद्र्य सारखे का हटले नाही? ज्यांचे राहिले त्यांचे तरी प्रारब्धच म्हणावयाचे की नाही?" हा आक्षेप वजनदार आहे. तो नीट समजून घेण्यासाठी सरासरीचा पडदा बाजूस करून आत पाहिले पाहिजे.

२०११-१२ साली देशाची सरासरी २१.९ होती हे वर सांगितले. पण खेड्यांतील निरनिराळ्या वर्गांची मोजणी वेगळी केली असता इतर पुढारलेल्या जातींत दरिद्री लोक शंभरांत १५.५, मागासवर्गीयांत सुमारे २२.७, अनुसूचित जातींत ३१.५ आणि अनुसूचित जमातींत, म्हणजे आदिवासींत, ४५.३ निघाले. हा शेवटचा आकडा वाचकांनी पुन्हा एकदा पाहावा. १९९३-९४ साली साऱ्या देशाचे प्रमाण नेमके ४५.३ होते. म्हणजे देश जेथे अठरा वर्षांपूर्वी उभा होता, तेथे खेड्यातील आदिवासी समाज २०११-१२ साली पोहोचला होता. एकाच देशात, एकाच झेंड्याखाली, निरनिराळी माणसे जणू निरनिराळ्या दशकांत राहत आहेत. पुढे २०२२-२३ साली कुटुंबांच्या खर्चाची पाहणी झाली, तीतही क्रम तोच राहिला : ग्रामीण भागात माणशी दरमहा खर्च पुढारलेल्या जातींत ४,३९२ रुपये, मागासवर्गीयांत ३,८४८, अनुसूचित जातींत ३,४७४ आणि आदिवासींत ३,०१६. शिडी उंच झाली, सर्वजण काही पायऱ्या चढले, परंतु तळाशी असलेला तळाशीच राहिला.

आपल्या इंदुराहून सुमारे दोनशे किलोमीटरांवर अलीराजपूर आहे. २००८ साली झाबुवा जिल्ह्यातून तो वेगळा जिल्हा झाला. तेथील शंभरांपैकी सुमारे ८९ माणसे आदिवासी आहेत. २०११ च्या जनगणनेत साऱ्या हिंदुस्थानातील जिल्ह्यांत साक्षरता सर्वांत कमी आढळली ती याच जिल्ह्यात : शंभरांत सुमारे ३६. नीती आयोगाच्या पहिल्या मोजणीत २०१५-१६ साली तेथील ७१ टक्के लोक अनेक अंगांनी दरिद्री ठरले. ही माणसे आपणांस अपरिचित नाहीत. पेरणी आटोपली, होळीचा भगोरिया संपला की ती कुटुंबेच्या कुटुंबे पोटासाठी गुजरातेत जातात, इंदुरास येतात. आपल्या नव्या वसाहतींच्या पायाशी, वाळूच्या ढिगाजवळ ज्यांची लेकरे खेळताना दिसतात ती हीच. आपल्या घराच्या भिंती त्यांनी उभ्या केल्या आहेत. त्यांची नावे मात्र आपणांस ठाऊक नसतात.

हे दारिद्र्य कोठून आले? कर्माच्या वहीत शोधण्यापूर्वी ते कायद्याच्या वहीत शोधावे, कारण तेथे ते तारीखवार लिहिलेले आहे. डोंगरातील भिल्ल, भिलाला यांचे जीवन जंगलावर आणि उतारावरील शेतीवर चाले. १८७८ च्या ब्रिटिश कायद्याने जंगले राखीव करून त्यांवर सरकारी सत्ता पक्की केली. संस्थानी मुलखातही तेच वारे पोहोचले. पिढ्यान्‌पिढ्या ज्या वनात वावरले तेथे ही माणसे एका लेखणीच्या फटकाऱ्याने अतिक्रमण करणारी ठरली. स्वतंत्र भारताच्या संसदेने २००६ साली वनहक्कांचा कायदा केला, तेव्हा या लोकांवर ऐतिहासिक अन्याय झाला आहे हे त्या कायद्याच्या प्रस्तावनेतच कबूल करावे लागले. मग कर्ज आले, सावकार आला. शाळा आली ती फार उशिरा. १९६१ साली आदिवासींत शंभरी साडेआठ माणसे साक्षर होती. २०११ साली ती ५९ झाली, पण तोवर देशाची सरासरी ७३ वर गेली होती. नर्मदामाईचे पाणी १९७८ पासून इंदुराच्या नळांस येते. आपण त्यास तीर्थ मानतो. त्याच नदीच्या खालच्या अंगास सरदार सरोवराच्या जलाशयात अलीराजपूर, बडवानी व धार या जिल्ह्यांतील गावे बुडाली, त्यांत आदिवासींची घरे व शेते होती. देशास वीज हवी, पाणी हवे, हे कोण नाकारील? परंतु लाभ एकाचा आणि त्याग दुसऱ्याचा, असा हिशेब जेव्हा पुन्हा पुन्हा एकाच समाजाच्या नावे निघतो, तेव्हा त्यास प्रारब्ध म्हणणे म्हणजे आपल्या हातून झालेली गोष्ट देवावर ढकलणे होय.

दुसरा एक आक्षेप आपल्या समाजात वारंवार ऐकू येतो आणि तो प्रामाणिक आहे. "दारिद्र्य काय त्यांच्यातच आहे? आमच्यात नाही? किती भिक्षुकांच्या घरी दोन वेळची चूल कष्टाने पेटते. किती विधवा मावश्यांनी पोळ्या लाटून मुले शिकविली!" हे अक्षरशः खरे आहे. पुजाऱ्याच्या घरात वाढलेल्या मनुष्यास हे कोणी शिकवावयास नको. पुढारलेल्या जातींतील शंभरी १५.५ हा आकडाही लहान नाही, आणि त्या घरांचे दुःख तेवढेच खरे आहे. परंतु दारिद्र्यादारिद्र्यात एक भेद आहे, तो ध्यानात घेतला पाहिजे. ज्या घरी पैसा नाही पण बापास वाचता येते, शहरात एखादा काका आहे, शाळेतला मास्तर ओळखीचा आहे, कचेरीत अर्ज कसा करावा ते सांगणारा शेजारी आहे, त्या घरचे दारिद्र्य एका पिढीत सुटू शकते आणि पुष्कळदा सुटतेही. ज्या घरी यांपैकी काहीच नाही, ते दारिद्र्य वारशाने चालते. आपले पूर्वज होळकरांच्या राज्यात कारकून, फडणीस, शास्त्री, वैद्य, पुजारी, शिलेदार म्हणून माळव्यात आले. कोणास इनाम मिळाले, कोणास वतन. ज्यांस काहीच मिळाले नाही त्यांच्याजवळही निदान अक्षरओळख होती. इनामे गेली, वतने गेली, अक्षर राहिले. आज आपल्या मुलांच्या पदव्या हे त्याच अक्षराचे व्याज आहे. त्यात लाज वाटण्याजोगे काही नाही. परंतु त्यास केवळ स्वतःचे कर्तृत्व म्हणणे आणि शेजाऱ्याच्या निरक्षरतेस त्याचे प्रारब्ध म्हणणे, हा न्याय नव्हे.

तिसरी गोष्ट श्रीमंतीची. दारिद्र्य घटत आहे, मग थोड्या लोकांजवळ फार संपत्ती झाली तर बिघडले कोठे, असे विचारणारे आहेत. खर्चाच्या पाहणीत खेड्याशहरांतील अंतर अलीकडे थोडे कमी झालेले दिसते, हे मान्य केले पाहिजे. पण उत्पन्न आणि मालमत्ता यांची गोष्ट निराळी आहे. थॉमस पिकेटी प्रभृती अभ्यासकांनी २०२४ साली मांडलेल्या अंदाजाप्रमाणे, २०२२-२३ साली देशातील सर्वांत श्रीमंत अशा शंभरांपैकी एका मनुष्याकडे देशाच्या एकूण उत्पन्नाचा २२.६ टक्के आणि एकूण संपत्तीचा ४०.१ टक्के भाग होता. १९८२ साली याच वर्गाचा उत्पन्नातील वाटा सुमारे सहा टक्के होता. इंदुरानजीक महू येथे जन्मलेल्या डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत नेमका हाच इशारा दिला होता : राजकारणात आपण समता आणीत आहोत आणि सामाजिक व आर्थिक जीवनात विषमता ठेवीत आहोत, हा विरोध लवकर मिटविला नाही, तर ज्यांस विषमता सोसावी लागते ते लोकशाहीची ही इमारत उद्‌ध्वस्त करतील. घरात एक भाऊ जेवून उठतो आणि दुसरा पानावर बसावयाची वाट पाहत असतो, एवढ्याने घर मोडत नाही. पण एका भावाच्या मुलांस शाळा, वैद्य, न्याय हे सारे पैशाने मिळते आणि दुसऱ्याच्या मुलांस ते मिळतच नाही, असे दिसू लागले की दोघांचे घर एक राहत नाही.

तर मग कर्मसिद्धांत टाकून द्यावयाचा काय? मुळीच नव्हे. कर्मसिद्धांत हा स्वतःस लावून पाहावयाचा आहे. माझ्या वाट्यास आलेले दुःख मी धीराने सोसावे, माझ्या सुखाचा मी गर्व करू नये, आणि आज मी जे करतो त्याचे उत्तर मला द्यावे लागेल हे विसरू नये, एवढ्यासाठी तो आहे. दुसऱ्याच्या दुःखास लावला की तोच सिद्धांत आळसाचे निमित्त होतो. आपले मूल तापाने फणफणले असता "याचे प्रारब्ध" म्हणून आपण स्वस्थ बसत नाही. धावत वैद्याकडे जातो. मग परक्याच्या मुलापुरते शास्त्र का बदलावे? एकनाथ महाराज रामेश्वरास अर्पण करावयाची गंगेची कावड घेऊन चालले असता वाळवंटात तहानेने तडफडणारे गाढव पाहून ते पाणी त्यांनी त्याच्या मुखात घातले, अशी कथा आपण लहानपणापासून ऐकतो. त्या गाढवाचे पूर्वकर्म काय, असे नाथांनी विचारले नाही. आणि तुकोबांचे चरित्र पाहा. दुष्काळात होरपळलेल्या त्या वाण्याने कर्जखतांतील भावाचा अर्धा हिस्सा त्यास देऊन आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत बुडविली, असे परंपरा सांगते. हे दान नव्हते. ज्यांच्यापाशी देण्यास काही उरले नव्हते, त्यांच्यावरील आपला हक्कच त्यांनी सोडून दिला. नाथांची करुणा आपण पुष्कळ गातो. तुकोबांचा हा हिशेब मात्र फारसा कोणी गिरवीत नाही.

येथे दान आणि हक्क यांतील भेद पाहणे अगत्याचे आहे, कारण आपला सारा व्यवहार त्यावर अवलंबून आहे. दान देणाऱ्याच्या इच्छेवर असते. आज आहे, उद्या नाही. घेणाऱ्याचा हात खाली, देणाऱ्याचा वर. हक्क दोघांसही उभे राहू देतो. हा विचार परदेशातून आलेला नाही. तो आपल्या माळव्याच्याच इतिहासात आहे. देवी अहिल्याबाईंनी देशभर घाट बांधले, धर्मशाळा बांधल्या, अन्नसत्रे घातली, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु १७६७ ते १७९५ या त्यांच्या कारकिर्दीतील आणखी एक गोष्ट सर जॉन माल्कम याने १८२३ साली प्रसिद्ध झालेल्या माळव्यावरील आपल्या ग्रंथात नोंदून ठेविली आहे. डोंगरातील भिल्ल वाटसरूंस लुटीत. बाईंनी प्रथम सामोपचार केला. तो फळला नाही तेव्हा कठोर शासनही केले. परंतु तेवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. आपल्या डोंगरातून जाणाऱ्या मालावर अल्पशी पट्टी घेण्याचा भिल्लांचा जुना हक्क होता. तिला भिलकवडी म्हणत. तो हक्क बाईंनी मान्य केला, आणि त्याच्या बदल्यात पडीक जमीन लागवडीस आणण्याची व वाटा सुरक्षित राखण्याची जबाबदारी त्यांच्याकडून लिहून घेतली. भिल्लांस त्यांनी भिक्षा घातली नाही. त्यांचे होते ते त्यांस दिले आणि त्याबरोबर कर्तव्यही दिले. धर्मशाळा बांधण्यास औदार्य लागते. भिलकवडी मान्य करण्यास न्यायबुद्धी लागते. बाईंच्या ठिकाणी दोन्ही होत्या, म्हणूनच त्या पुण्यश्लोक.

हाच धागा पुढे आपल्या काळापर्यंत आला. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली गावी भूमिहीन हरिजन कुटुंबांनी विनोबांकडे ऐंशी एकर जमीन मागितली आणि तेथल्याच एका जमीनदाराने शंभर एकर देऊ केली. तेथून भूदान सुरू झाले. दान म्हणजे समान वाटणी, असा अर्थ विनोबा लावीत. जमीन मागताना ते याचक होत नसत, घरातील आणखी एका मुलाचा वाटा मागत. देशभर चाळीस लाखांहून अधिक एकर जमीन दान झाल्याची नोंद झाली. पण त्यांतील पुष्कळ जमीन वाटलीच गेली नाही, पुष्कळ नापीक निघाली. केवळ अंतःकरणावर सोडलेले काम किती दूर जाते आणि कोठे अडते, हे त्यावरून कळते. दुसरीकडे महाराष्ट्रात १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या विचारातून रोजगार हमी उभी राहिली. काम मागणाऱ्यास काम देणे हे सरकारचे कर्तव्य ठरले आणि पुढे त्याचा कायदाही झाला. दुष्काळात खडी फोडणाऱ्या बाईने सायंकाळी मजुरी घेतली ती कोणाच्या उपकाराची नव्हे, स्वतःच्या घामाची. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने धान्याविषयीही हेच तत्त्व मानले. अशा कायद्यांत ढिलाई होते, गळती होते, त्यांवर टीका व्हावी. पण त्यांमागील विचार धर्मविरोधी नाही, उलट तो धर्माचाच आहे.

मग तुम्हीआम्ही करावयाचे काय? राष्ट्राची आकडेवारी एका मंदिराच्या सभासदांनी पालटणार नाही, हे उघड आहे. परंतु जेवढे आपल्या हाती आहे तेवढ्यात दान व हक्क वेगवेगळे मांडून पाहता येतील. आपल्या घराचे किंवा देवळाचे बांधकाम निघाले असता ठेकेदाराचा सर्वांत कमी आकडा पाहून आपण आनंदतो. तो आकडा कोणाच्या मजुरीतून कमी झाला, हे विचारणे आपल्या हाती आहे. कायद्याने ठरलेली मजुरी पूर्ण व वेळेवर मिळते की नाही, त्या मजुरांची मुले कामाच्या जागी असताना जवळच्या शाळेत बसू शकतात की नाही, हे पाहणे आपल्या हाती आहे. भांडी घासणाऱ्या बाईस सणाला लुगडे देणे हे दान झाले. आजारपणात तिचा पगार न कापणे हा हक्क झाला. लुगड्याचे पुण्य आपण लिहून ठेवतो; कापलेल्या पगाराची नोंद मात्र कोठेच होत नाही. देणाऱ्यांच्या नावांची संगमरवरी पाटी देवळात लागते. ती लागावी, पण पाटी बसविणाऱ्या गवंड्याची मजुरी थकलेली असताना तिच्यासमोर लावलेला दिवा देवास कितपत पोहोचेल, याचा विचार करावा.

अन्नदान थांबवावे असे येथे कोणीही म्हणत नाही. भुकेल्यास आज रात्री अन्न हवे. न्याय होईपर्यंत तो थांबू शकत नाही. परंतु पंगत उठल्यावर एक प्रश्न स्वतःस विचारण्याची सवय आपण लावून घ्यावी : आज जेवून गेला त्याचे काही आपल्याकडे देणे तर नव्हते? देणे असेल तर ते आधी फेडावे आणि मग दानाचा संकल्प सोडावा. ऋण बाकी ठेवून केलेल्या दानाचे पुण्य कोणत्याही शास्त्रात सांगितलेले नाही. आणि यापुढे एखाद्या दरिद्री मनुष्याकडे पाहून "त्याचे प्रारब्ध" हे शब्द ओठांवर आले, तर ते तेथेच आवरून, त्यात आपले कर्म किती, एवढे तरी आपण पाहावे.